वाटी, पाव, ग्रॅम, लिटर: स्वयंपाकातल्या मापांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपूरला महालात राहते. घरून दिवाळीचा फराळ आणि वर्षाचे मसाले करून देते, उन्हाळ्यात स्वयंपाकाची शिकवणीही घेते. शिकायला येणाऱ्यांचे प्रश्न पदार्थांबद्दल कमी आणि मापांबद्दल जास्त असतात. पदार्थ बिघडला की माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो. मी पाहिलंय की दहातल्या निम्म्या वेळा दोष हाताचा नसतोच, वाटीचा असतो. म्हणून जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते इथे नीट लिहून ठेवते आहे.

एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

कशाची वाटी आणि केवढी वाटी, या दोन गोष्टी कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. वाटी जागा मोजते, ग्रॅम वजन मोजतात. २४० मिलीच्या एकाच कपात साखर भरली तर २०० ग्रॅम बसते, मैदा भरला तर १२० आणि चाळलेलं बेसन भरलं तर शंभरही भरत नाही. पाणी तेवढं सरळ: १ मिली म्हणजे १ ग्रॅम. दूध-दही त्याच्या अगदी जवळ. बाकी प्रत्येक जिनसाचा हिशोब वेगळा.

मग माझ्या वाटीचं माप कसं काढायचं?

हे काम एकदाच करायचं आहे, पाच मिनिटांचं आहे, आणि ते प्रत्येकाने करावंच असं मला मनापासून वाटतं. वजनकाट्यावर रिकामी कोरडी वाटी ठेवा, काटा शून्यावर आणा, वाटी काठोकाठ पाण्याने भरा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलीची तुमची वाटी. तो आकडा वाटीच्या बुडाला कोरून घ्या किंवा कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. इथल्या इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानात नाव कोरून देतात, तिथेच आकडाही कोरून मिळतो. माझ्या घरात चार वाट्या निघाल्या: ११०, १६०, १८० आणि २१० मिली. चारही "आमटीची वाटी" म्हणूनच घेतल्या होत्या.

काटा नसेल तर औषधाच्या बाटलीसोबत येणारं मिलीच्या खुणांचं टोपण वापरा. वेळ लागतो, पण जमतं.

वाटीचे मिली कळले. आता ग्रॅम कसे काढू?

प्रत्येक जिनसाचा एक गुणक लक्षात ठेवा. वाटीच्या मिलीला त्याने गुणलं की ग्रॅम मिळतात.

मैदा आणि कणीक ०.५
चाळलेलं बेसन ०.४, दाबून भरलेलं ०.५
रवा ०.७
तांदळाची पिठी ०.६५
साखर ०.८३, पिठीसाखर ०.५
तांदूळ ०.७८
तूरडाळ, चणाडाळ ०.८ ते ०.८५
साबुदाणा ०.६५
शेंगदाणे ०.६
तेल आणि पातळ तूप ०.९१
मध १.४

समजा वाटी १६० मिलीची आहे. मैदा ८० ग्रॅम, रवा ११२, साखर १३३. उलटं करायचं असेल तर भागा: पाव किलो रवा म्हणजे २५० भागिले ०.७, साधारण ३५७ मिली, म्हणजे १६० ची सव्वादोन वाटी.

जाडे पोहे, चुरमुरे, किसलेलं खोबरं आणि मेथीची पानं मी मुद्दाम सोडली. ही हवा धरणारी जिन्नसं आहेत. वाटी हलवली की पातळी खाली जाते. यांचं वजनच करा.

कृतीत "वाटी" लिहिलं असेल तर प्रत्येक वेळी वजन करायलाच हवं का?

नाही. सगळी जिन्नसं एकाच वाटीने मोजली असतील तर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहतं. भाताला दीड वाटी पाणी असेल तर तांदूळ ज्या वाटीने घेतले त्याच वाटीने पाणी घ्या, ग्रॅमचा विचारही करू नका. आपल्या आया-आज्यांचे पदार्थ याच एका गोष्टीवर बिनचूक व्हायचे.

घोटाळा होतो तो मिसळलेल्या मापांत. "अर्धा किलो रवा, तीन वाट्या साखर, एक वाटी तूप" अशी कृती लिहिलेली असते. रवा दुकानातून वजनाने येतो, साखर घरच्या वाटीने पडते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी आईच्या याच कृतीने रव्याचे लाडू केले. आईची वाटी १६० मिलीची, म्हणजे तीन वाट्या साखर ४०० ग्रॅम. सासरची पितळी वाटी निघाली २१० ची. तीन वाट्या झाल्या सव्वापाचशे ग्रॅम. पाक जास्तीचा झाला, मिश्रण दोन दिवस सैल राहिलं, आणि वळल्यावर लाडू असे घट्ट झाले की सासऱ्यांनी अडकित्त्याने फोडून दिले. मला तेव्हा वाटलं, माझा पाक चुकला. तार बरोबर आली होती. वाटी चुकली होती, हे मला तीन वर्षांनी काटा घरात आल्यावर कळलं.

कृती वाचताना आधी हेच बघा: वजन आणि वाटी एकाच कृतीत आहेत का? असतील तर लिहिणाऱ्याला विचारा, "तुमची वाटी केवढी?"

मोजायच्या कपावर कुठे २४० तर कुठे २५० मिली लिहिलेलं असतं. बरोबर कोणतं?

दोन्ही. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलीचा, सोयीसाठी २४० धरतात. दशमान कप २५० चा. बाजारातल्या संचात दोन्ही प्रकार मिळतात. दहा मिलीच्या फरकाने शिरा बिघडत नाही. चार कपांचा केक असेल तर मात्र फरक ४० मिलीवर जातो, तिथे लक्ष द्या. चमचे बहुतेक ठिकाणी सारखे आहेत: टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५ मिली. फक्त ऑस्ट्रेलियातल्या कृतीत टेबलस्पून २० मिलीचा असतो.

इंग्रजी कृतीत औंस दिसला तर थांबा. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅम, आणि पातळ पदार्थ मोजायचा औंस सुमारे २९.६ मिली. नाव एकच, मापं दोन.

मैद्याचं वजन दर वेळी वेगळं का भरतं?

कारण पीठ दबतं. कप डब्यात खुपसून वर काढला तर पीठ आत ठासलं जातं. चमच्याने हलकंसं घालून सुरीच्या पाठीने सपाट केलं तर सैल राहतं. शिकवणीत मी हे काट्यावर करून दाखवते. एकच कप, एकच डबा. पहिल्यांदा चमच्याने भरलेला: १२१ ग्रॅम. मग खुपसून काढलेला: १४३. मग ओट्यावर दोनदा आपटून वर भरलेला: १५२. तिसरा आकडा आला की मुली गप्प होतात, आणि त्यातली एखादी म्हणते, "म्हणूनच माझी नानकटाई फाकते जी." चमच्याने भरलेल्या कपापेक्षा आपटून भरलेल्या कपात ३१ ग्रॅम जास्तीचा मैदा आहे. तूप तेवढंच असेल तर नानकटाई कोरडी पडून चिरणारच.

चक्कीवरून नुकतंच आणलेलं गरम पीठ फुललेलं असतं. तेच डब्यात आठवडाभर बसलं की खाली दबतं. पावसाळ्यात पीठ हवेतली ओल धरतं, तेव्हा कणीक भिजवताना पाणी जरा हात राखून घाला. मे महिन्यात उलट, आपल्याकडच्या कोरड्या उन्हात तेच पीठ जास्त पाणी पितं. इथे काट्यापेक्षा हाताचा अंदाज महत्त्वाचा आणि तो मी कोणाला सोडायला सांगणार नाही.

पाटवड्या कधी थापल्या जात नाहीत, कधी तडकतात. प्रमाण काय घेऊ?

"एक वाटी बेसनाला दीड वाटी पाणी" हे प्रमाण सगळ्यांना माहीत असतं, तरी चुकतं, कारण बेसन चाळून मोजलं की डब्यातून तसंच भरून घेतलं हे कोणी सांगत नाही. चाळलेलं बेसन १०० ग्रॅम घेतलं तर ते २५० मिली जागा व्यापतं. त्या हिशोबाने पाणी पडतं ३७५ मिली. दाबलेलं १०० ग्रॅम बेसन बसतं २०० मिलीत, आणि पाणी पडतं ३००. बेसन तेवढंच, पाण्यात ७५ मिलीचा फरक. मी १०० ग्रॅम बेसनाला ३०० मिली पाणी धरते आणि बेसन मोजून झाल्यावर चाळते. पोळपाटावर थापताना कडा सरळ राहतात.

गोळाभातासाठी भरडा घेताना हीच काळजी. चण्याच्या डाळीचा जाडसर भरडा त्याच वाटीत बेसनाच्या जवळजवळ दीडपट वजनाने बसतो. भरडा नाही म्हणून वाटीला वाटी बेसन घातलं तर गोळे भातात विरघळतात. एक तर वजनाने बदला, नाही तर भरडा दळून आणा. मी दुसरंच सुचवेन.

पुरणात डाळ आणि गूळ "समप्रमाण" म्हणजे वाटीला वाटी की किलोला किलो?

किलोला किलो. विदर्भात पुरणपोळी म्हणजे पुरण जास्त आणि पारी नावाला, त्यामुळे इथे चूक लपत नाही. चणाडाळीची २४० मिलीची वाटी भरते सुमारे २०० ग्रॅम. साखरेचीही तेवढीच. म्हणून साखरेचं पुरण वाटीने मोजा की काट्याने, सारखंच होतं. गुळाचं तसं नाही. किसलेला गूळ सैल भरला तर त्याच वाटीत १५० ग्रॅमच्या आसपास बसतो, दाबून भरला तर २०० च्या वर जातो. साखरेची सवय असलेली बाई गुळाकडे वळली की पुरण एकदा अगोड, एकदा पातळ होतं ते यामुळे.

आणि वजन करायचं ते कोरड्या डाळीचं. भिजलेली किंवा शिजलेली डाळ पाणी पिऊन दुपटीच्या आसपास जाते. तिच्या बरोबरीने गूळ घातला तर पुरण आवरणार नाही.

तेल लिटरने घेऊ की किलोने?

कशानेही घ्या, पण भाव तोलताना एकाच मापात आणा. एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम असतं. जवसाचं तेल किंचित जड, लिटरला ९३० च्या आसपास. डबा घेताना याचा खरा फरक पडतो. बाजारात १५ लिटरचा डबाही असतो आणि १५ किलोचाही. पंधरा लिटरच्या डब्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅमच्या जवळपास, आणि पंधरा किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या जवळपास. जवळजवळ दीड लिटरचा फरक! भाव विचारताना "पंधराचा डबा" एवढंच म्हणू नका, किलो की लिटर ते डब्यावर वाचा.

तेल तापलं की फुगतं. पूर्वी काही पाकिटांवर माप ६० अंशांना धरून छापलेलं असे, म्हणजे घरच्या तापमानाला आत तेल कमी. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना तापमान न लिहिता माप द्यायला आणि सोबत वजनही छापायला सांगितलं. पाकिटावरचं वजन वाचत जा, तुलना त्याचीच करा.

हिवाळ्यात थिजलेलं तूप कसं मोजू?

वजनाने. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे तूप दगडासारखं होतं, चमच्यात ते भरतं तेव्हा मधे पोकळी राहते. वाटीनेच मोजायचं असेल तर आधी पातळ करून घ्या. कृतीत "पातळ तूप एक वाटी" आणि "एक वाटी तूप, पातळ करून" असं लिहिलेलं असेल तर त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पहिल्यात पातळ करून मग मोजायचं, दुसऱ्यात मोजून मग पातळ करायचं. फेटलेलं घट्ट तूप तर हवेमुळे आणखी हलकं.

चमच्याने मोजलेलं मीठ, हळद, सोडा किती ग्रॅम?

सपाट टीस्पून धरा: बारीक मीठ ६ ग्रॅम, खायचा सोडा ५ च्या जवळ, बेकिंग पावडर ४ ते ५, हळद आणि तिखट ३ च्या आसपास. जाडं मीठ चमच्यात कमी बसतं, म्हणून लोणच्याच्या कृतीत बारीक-जाडं बदलताना वजनच करा. लोणचं आणि वाळवण यांत मिठाचं माप चवीपुरतं नसतं, पदार्थ टिकण्यापुरतं असतं. पोह्याचा चमचा, चहाचा चमचा, डाव, पळी यांना ठरलेलं माप नाही. आपापल्या घरच्या डावाचं पाण्याने मोजून ठेवा.

आजीच्या वहीत सावजी मसाला शेर, छटाक आणि तोळ्यांत लिहिलाय. ग्रॅममध्ये कसा आणू?

या वह्या जपा. मसाला वजनाने लिहिणं हेच मुळात शहाणपणाचं आहे, कारण दगडफूल आणि लवंग एका वाटीत मोजण्यासारख्या वस्तू नाहीत.

एक तोळा ११.६६ ग्रॅम. ऐंशी तोळ्यांचा एक शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम. अच्छेर म्हणजे अर्धा शेर, ४६७ ग्रॅम. पावशेर २३३. छटाक म्हणजे शेराचा सोळावा भाग, ५८ ग्रॅम. कुठे "रुपयाभार" लिहिलं असेल तर तो इंग्रजांच्या काळातल्या चांदीच्या रुपयाचा भार, म्हणजे एक तोळाच. सराफाच्या दुकानात हल्ली बोलताना तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, तो हिशोब इथे लावू नका.

वही कधीची आहे तेही बघा. दशमान मापांचा कायदा १९५६ चा, वजनं प्रत्यक्ष बदलायला लागली १९५८ पासून, आणि घरातली भाषा त्यानंतरही बरीच वर्षं जुनीच राहिली. नंतरच्या वहीतला "पाव" बहुधा पाव किलो, म्हणजे २५० ग्रॅम. आधीच्या वहीतला पावशेर २३३ चा. आजही इतवारीच्या किराणा बाजारात "आदपाव धणे, दीड पाव मिरची" असंच मागतात आणि दुकानदार १२५ आणि ३७५ ग्रॅम तोलतो.

एक अडचण मात्र मोठी आहे. शेर वजनाचाही असे आणि मापाचाही. धान्य शेराच्या भांड्याने मोजत, चार शेरांची पायली. हा मापी शेर गावोगाव वेगळा. वहीत "शेरभर तांदूळ" असेल तर तो बहुधा मापी, "शेरभर धणे" असेल तर वजनी. मापी शेराचे ग्रॅम काढायच्या फंदात पडू नका. त्या कृतीतलं एकमेकांचं प्रमाण तेवढं उचला.

संत्रा बर्फीला किती संत्री लागतील?

नगावर जाऊ नका. आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन वेगळे बहार. आंबिया बहाराचं संत्रं आणि मृगाचं संत्रं यांत आकार, साल आणि रस सगळंच वेगळं. साल, बिया, पांढरे दोरे काढून उरलेल्या गराचं वजन करा आणि खवा-साखर त्यावरून ठरवा.

कोणता काटा घ्यावा?

घरासाठी ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. केशर, हिंग, वेलदोडे यांसाठी लहान काटा वेगळा हवा. मोठ्या काट्यावर २ ग्रॅम ठेवले तर तो धड दाखवत नाही. ओटा सपाट हवा. आणि उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर काटा ठेवू नका, आकडा सतत हलत राहतो.

काटा खरा आहे का हे पाहायला दहा रुपयांची दहा नाणी ठेवा. एक नाणं ७.७ ग्रॅमचं, दहांचे ७७ व्हायला हवेत.

आई म्हणते, "मी अंदाजाने घालते." तिचा पदार्थ कसा लिहून घेऊ?

तिला मोजायला लावू नका. हात थबकतो आणि पदार्थ वेगळाच होतो. तिने सुरू करण्याआधी सगळे डबे, तेलाची बरणी, मिठाची वाटी एकेक करून काट्यावर ठेवा आणि वजन लिहून ठेवा. मग तिला करू द्या, तुम्ही फक्त बघा. झाल्यावर तेच डबे पुन्हा तोला. वजाबाकी केली की तिने काय किती घातलं ते कळतं.

माझ्या आईच्या सांबारवडीचं (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) मी असंच केलं. ती दर वेळी सांगायची, "सांबार भरपूर, बेसन धरेल एवढंच." तीन वेगवेगळ्या दिवशी तोललं. सांबार पाव किलो असेल तर बेसन एकदा १३२ ग्रॅम, एकदा १२९, एकदा १३४. तिन्ही वेळा तिने डब्याकडे न बघता मुठीने घातलं होतं. आकडे दाखवले तर म्हणाली, "मग आदपाव आणि वर जरासं, असंच लिही ना." वहीत तसंच लिहिलंय, खाली कंसात १३० ग्रॅम.